जीएलसीडी उभी बसवली, अक्षरं फिरवली तर आरशातल्यासारखी दिसतायत (केएस०१०८, उनो)

चाळवाला

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, डोकं फिरलंय पण अक्षरं काही नीट फिरेनात, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

आमच्या कांदाचाळीसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डबा करतोय. आर्डुइनो उनो (छोटा प्रोग्राम करायचा बोर्ड), डीएचटी२२ (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) आणि १२८ बाय ६४ ठिपक्यांची निळी जीएलसीडी (ग्राफिक एलसीडी स्क्रीन), २० पिनांची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आणलेली. डबा चाळीच्या खांबावर ठोकायचाय आणि खांब आहे अरुंद, त्यामुळे स्क्रीन आडवी मावतच नाही, उभीच बसवावी लागणार, म्हणजे ६४ रुंद आणि १२८ उंच.

लायब्ररी वापरली नाही, कोड स्वतः लिहिला (शिकायला मिळेल म्हणून, आता पस्तावतोय). फाँट नेटवरचा ५ बाय ७ चा, एका अक्षराला ५ बाइट. आडवं लिहिलं की सगळं झकास. उभ्यासाठी मी प्रत्येक अक्षरात एक्स आणि वायची अदलाबदल केली आणि स्क्रीन घड्याळाच्या दिशेने फिरवून बघितली. आधी ओळच उजवीकडून डावीकडे जायला लागली, ती खालच्या पानापासून (पान म्हणजे ८ ठिपके उंचीचा आडवा पट्टा) सुरुवात करून सरळ केली. मग इंग्रजी कॅपिटलमध्ये ‘ओहम’ लिहिलं, एकदम बरोबर दिसलं, खूश होऊन चहा पिऊन आलो. मग ‘टेंप’ लिहिलं तर टी आणि एम ठीक आणि ई आणि पी आरशातले!! ओहमची तिन्ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात हे तेव्हा लक्षात आलं.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीनवर मध्येच कचरा दिसायला लागतो, रिसेट केलं की परत ठीक. आणि दुसरं, आमच्या आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, तर ‘तापमान’ मराठीत लिहिता येईल का?

जुनाफ्यूज

आधी एक सांग, तुझ्या मॉड्यूलच्या १५ आणि १६ नंबरच्या पिनांवर काय छापलंय? सीएस१ सीएस२ असेल तर आतला कंट्रोलर (स्क्रीन चालवणारी चिप) केएस०१०८. १५ वर पीएसबी असेल तर ती एसटी७९२०, दिसायला सेम टू सेम असते पण आतला कारभार वेगळा, तिथे एक बाइट म्हणजे आडवे ८ ठिपके. दुकानदाराच्या तोंडी नावावर जाऊ नको, मागची हिरवी पाटी वाच.

चौथीशिफ्ट

अरे हे कंट्रोलरलाच सांगायचं असतं, ए१ आणि सी८ अशा दोन कमांड पाठव, डिस्प्ले फिरतो. माझ्या ओलेडवर दोन ओळींत झालं होतं.

जुनाफ्यूज

@चौथीशिफ्ट ते एसएसडी१३०६ वर, म्हणजे ओलेडच्या कंट्रोलरवर. एसटी७५६५ लाही तशाच कमांड आहेत. पण एक तर त्याने १८० अंशच फिरतं, म्हणजे डोकं खाली पाय वर. ९० अंश त्यातून कधीच होत नाही, कारण ती कमांड फक्त कॉलम उलट्या क्रमाने मोज आणि ओळी उलट्या क्रमाने मोज एवढंच सांगते, आडव्याचं उभं करत नाही. आणि केएस०१०८ ला या कमांड नाहीतच. रंगीत टीएफटीत, आयएलआय९३४१ वगैरे, आडवं-उभं बदलायचा खरोखरचा बिट असतो. आपल्या या जुन्या काळ्या-निळ्या मंडळींत ते काम आपल्यालाच हाताने करावं लागतं.

वर्‍हाडी_बिट

काहून एवढी आटापिटी करतोस भाऊ? यू८जी२ लायब्ररी टाक. त्याच्यात केएस०१०८ हाये, कन्स्ट्रक्टरमधे (कोणती स्क्रीन ते सांगायची ओळ) आर० च्या जागी आर१ नाहीतर आर३ लिही (स्क्रीन कोणत्या बाजूला वळवलीस त्यावर), संपलं काम. पूर्ण स्क्रीन नाही, फक्त एखादाच शब्द आडवा-उभा करायचा असन तर सेटफाँटडायरेक्शन हाये, ० ते ३. १ दिलं का अक्षरं वरून खाली जातात, ३ दिलं का खालून वर. ग्राफच्या उभ्या रेघेजवळ नाव लिहायला लय कामी येते.

फक्त एक ध्यानात ठेव, नावात एफ असलेला कन्स्ट्रक्टर घेऊ नको, १ वाला घे. एफ वाला पूर्ण स्क्रीन रॅममधे ठेवतो, १०२४ बाइट, अन उनोजवळ सगळी मिळून रॅम २०४८. १ वाल्याले १२८ बाइट पुरतात, एकच पान ठेवतो अन आठ चकरा मारून चित्र काढतो.

अन त्या आठ चकरांच्या आत सेन्सर वाचू नको बरं का! मी वाचला होता. अर्धा आकडा जुना अन अर्धा नवा, २७ चा खालचा भाग अन २८ चा वरचा, दोन दिवस स्क्रीनलेच शिव्या देत बसलो. आधी वाच, व्हेरिएबलमधे ठेव, मग चकरा चालू कर. डीएचटी२२ तसाही दोन सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा वाचायचा नसतेच.

चाळवाला

@जुनाफ्यूज दादा, सीएस१ सीएस२ आहे, म्हणजे केएस०१०८ च. आर-डब्ल्यू पिन (स्क्रीनकडून वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी) मी ग्राउंडला जोडलीय, तेवढीच उनोची एक पिन वाचवली. @वर्‍हाडी_बिट धन्यवाद भाऊ, यू८जी२ टाकून बघतो, पण माझं नक्की काय चुकतंय ते कळल्याशिवाय झोप लागायची नाही.

सोल्डरताई

चौकटीची वही घे. खरंच घे, स्क्रीनवर बघून हे कळत नाही, मी दर सेमिस्टरला मुलांना वहीतच करायला लावते. ८ बाय ८ चा चौकोन आख आणि त्यात इंग्रजी एफ काढ. ओहम काढू नकोस! टेस्टसाठी नेहमी एफ, पी, आर नाहीतर ४, ७ असं काहीतरी घ्यायचं जे कुठूनही उलटलं तरी चुगली करतं.

आता तू काय केलंस ते बघ. एक्स आणि वाय अदलाबदल म्हणजे तिरक्या रेघेवर कागद दुमडणं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत घडी घाल, एफ पलीकडे उमटला असं समज, तो आरशातलाच असणार, दुमडल्यावर दुसरं काय होणार. फिरवणं म्हणजे दुमडणं अधिक अजून एकदा उलटवणं. दोनदा आरसा दाखवला की चेहरा परत सरळ होतो ना, तसं. तुझा दुसरा आरसा राहिलाय.

तो कुठे लावायचा हे स्क्रीन कुठे वळवलीस त्यावर ठरतं. तू स्क्रीन घड्याळाच्या दिशेने वळवलीस, म्हणजे तिच्या मूळ आडव्या नजरेने अक्षरं घड्याळाच्या उलट दिशेने काढायला हवीत. तर नवा एक्स = जुना वाय, आणि नवा वाय = ७ वजा जुना एक्स. स्क्रीन दुसरीकडे वळवली असतीस तर नवा एक्स = ७ वजा जुना वाय आणि नवा वाय = जुना एक्स. दोन्हीकडे ‘७ वजा’ लावलंस तर परत पहिल्यासारखं, आरशातलं. बहुतेक सगळे इथेच अडकतात, एक वजा विसरतात नाहीतर एक जास्तीचा लावतात. आणि ७ म्हणजे ७, ८ नाही. मोजणी ० पासून आहे, ८ घेतलंस तर एक ओळ गायब होईल आणि तू सोल्डरिंग तपासत बसशील.

आता गंमत बघ. केएस०१०८ मध्ये एक बाइट म्हणजे ८ उभे ठिपके, सगळ्यात खालच्या वजनाचा बिट वर. वरून खाली अशी ८ पानं, प्रत्येक पान ८ ठिपके उंच. तुझा ५ बाय ७ चा फाँट म्हणूनच कॉलमप्रमाणे साठवलेला असतो, सरळ ढकलला की उमटतो. पण दुसऱ्या प्रकारचे फाँट असतात, ८ बाय ८ चे, ओळीप्रमाणे साठवलेले, जुन्या पीसीच्या पडद्यावरच्या अक्षरांसारखे, त्यात सगळ्यात मोठ्या वजनाचा बिट डावीकडे. तो फाँट घेऊन त्याच्या ओळी कॉलम समजून जशाच्या तशा ढकल. वरची ओळ पहिला कॉलम, दुसरी ओळ दुसरा कॉलम. अक्षर आपोआप घड्याळाच्या उलट ९० अंश फिरलेलं उमटतं, एकही बिट हलवावा लागत नाही! वहीत करून बघ, पटेल. म्हणजे तुला हा फाँट मिळाला असता तर फिरवायचा कोड लिहावाच लागला नसता.

मापंही छान जुळतात. उभ्या स्क्रीनवर एका ओळीत ६४ ठिपके, म्हणजे बरोबर ८ पानं, म्हणजे ८ अक्षरं, आणि अशा १६ ओळी. प्रत्येक अक्षर एका पानात पूर्ण मावतं, दोन पानांत तुटत नाही, आणि दोन चिपांमधली ६४ ची सीमाही ८ ने भागली जाते म्हणून कुठलीच ओळ अर्धी इकडे अर्धी तिकडे जात नाही. ६ ठिपक्यांवर एक अक्षर असं दाटीवाटीने बसवलंस तर ओळीत १० अक्षरं मावतील, पण मग अक्षरं दोन पानांत तुटणार, आधीचं पुसलं जाऊ नये म्हणून आधीचा बाइट वाचावा लागणार, आणि तू आर-डब्ल्यू ग्राउंडला बांधून ठेवलीयस म्हणजे स्क्रीनकडून वाचता येणार नाही, मग रॅममध्ये सगळी प्रत ठेवा. दोन अक्षरांसाठी एवढा संसार कशाला.

जुनाफ्यूज

ताईंनी बघा कसं सोपं करून सांगितलं. मी त्याच्या कचऱ्याकडे वळतो.

भावा, तुझ्या कोडमध्ये पूर्ण स्क्रीनची प्रत आहे का? आर-डब्ल्यू ग्राउंडला म्हणजे असणारच, १०२४ बाइट गेले. फाँटच्या अ‍ॅरेला प्रोगमेम (रॅमऐवजी फ्लॅशमध्ये ठेव असं सांगणारा शब्द) लावलंयस का? नसेल लावलं तर ९५ अक्षरं गुणिले ५ म्हणजे ४७५ बाइट, तेही रॅममध्ये. झाले १४९९. राहिले साडेपाचशेच्या आसपास, त्यात सिरियलचे दोन बफर ६४-६४ चे, सेन्सरची लायब्ररी, आणि तू आकडा छापायला मोठा एस वाला स्ट्रिंग वापरत असशील तर तो दर वेळी थोडी जागा घेतो, सोडतो, मध्ये भोकं पडत जातात, आणि दहा मिनिटांनी स्टॅक (चालू कामासाठी लागणारी रॅम) खाली येऊन तुझ्या चित्रावरच बसतो. तोच कचरा. फाँट प्रोगमेममध्ये टाक, वाचताना पीजीएम रीड बाइट वापर (हे विसरलास तर वेगळाच कचरा दिसेल), आणि स्ट्रिंगच्या जागी डीटीओएसटीआरएफ (आकड्याची अक्षरं करणारं फंक्शन) वापर.

ताईंची पद्धत केलीस तर स्क्रीनची प्रतच लागणार नाही, ते १०२४ परत मिळाले. फिरवलेला फाँट ८ बाइटचा धरला तरी ९५ गुणिले ८ म्हणजे ७६०, फ्लॅश ३२ केबी आहे, तिथे कोण विचारतंय.

आता एक असं सांगतो जे कोडने सुटत नाही. या एलसीडी ठरावीक बाजूने बघायला बनवलेल्या असतात, बहुतेक ‘६ वाजताच्या’, म्हणजे खालच्या बाजूने बघितलं की सगळ्यात ठळक. तू ती ९० अंश वळवलीस की तो सहा वाजताचा कोन डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो. एका बाजूने येणाऱ्याला अक्षरं ठळक आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला फिकट. खांबाला खिळा ठोकायच्या आधी हातात धरून दोन्ही बाजूंनी बघ.

चौथीशिफ्ट

हे नवीनच कळलं. माझ्या ओलेडला असलं काही नाही :)

जुनाफ्यूज

ओलेड स्वतःच उजेड देते ना बाबा. पण महिनोन्महिने एकच आकडा त्याच जागी पेटता ठेवलास की तिथले ठिपके मंद होतात. चाळीत वर्षभर लावायला एलसीडीच बरी.

सोल्डरताई

मराठीचं राहिलंच. इंग्रजीसारखं एक अक्षर एक चौकोन असं देवनागरीत चालत नाही हे तर तुला दिसतंयच. यू८जी२ च्या युनिफाँटमध्ये देवनागरी अक्षरं आहेत, पण ती सुटी सुटी ठेवते, जोडाक्षरं जुळवत नाही. ‘तापमान’ कसंबसं निघेल, त्यात नुसते कानेच आहेत. ‘आर्द्रता’ लिहून बघ, रफार, द, र सगळे वेगवेगळे रांगेत उभे राहतील रेशनच्या दुकानासारखे.

तुला शब्द दोनच हवेत, तर त्यांची चित्रंच कर. जिंपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) ६४ बाय १६ चं कोरं चित्र, अँटिअलायझिंग (कडा मऊ करणं) बंद, साधा जाड मराठी फाँट, शब्द लिही, मग ठिपके हाताने नीट कर. १६ पेक्षा कमी उंची घेऊ नकोस, वर रफार-वेलांटी आणि खाली उकार मावत नाहीत, शिरोरेषा आणि अक्षर चिकटून नुसता डाग दिसतो. एक चित्र १२८ बाइट, दोन चित्रं २५६, प्रोगमेममध्ये.

फक्त एक गोंधळ टाळ. यू८जी२ मध्ये पूर्ण स्क्रीन फिरवली असेल तर चित्र सरळच दे, ती लायब्ररी चित्रही फिरवते. जिंपमध्येही फिरवलंस आणि लायब्ररीनेही फिरवलं की शब्द आडवा झोपलेला सापडेल. स्वतःच्या कोडने करणार असशील तर मात्र जिंपमध्ये घड्याळाच्या उलट ९० अंश फिरव आणि बाइटमध्ये बदलताना उभे बाइट, लहान बिट वर, हा पर्याय निवड.

वर्‍हाडी_बिट

ताई, रेशनच्या दुकानाचं लय भारी 😂

अन भाऊ, आकडा मोठा काढ. कांदा पाहायले माणूस लांबूनच पाहते, ८ ठिपक्यांचा आकडा कोणाले दिसन. दुप्पट केला तर १६ बाय १६, अन ६४ मधे बरोब्बर चार मावतात. २८.५ म्हणजे चारच की! दुप्पट करायले गणित नको, अर्ध्या बाइटचे ४ बिट घे, प्रत्येक बिट दोनदा लिही, एक पूर्ण बाइट होते. १६ आकड्यांचा तक्ता करून ठेव अन प्रत्येक बाइट दोनदा ढकल.

चाळवाला

झालं!!! काल रात्री दीड वाजता.

ओळीप्रमाणे साठवलेला ८ बाय ८ चा फाँट शोधला, जसाच्या तसा ढकलला आणि एफ सरळ. ताई, खरं सांगू का, वहीत करून बघितल्यावर स्वतःलाच हसू आलं. प्रोगमेम नव्हतंच लावलं, स्क्रीनची प्रत पण काढून टाकली, स्ट्रिंगही गेला. रात्रभर चालू ठेवलं, कचरा नाही. आकडा दुप्पट केला, वर ‘तापमान’ चं चित्र, खाली ‘आर्द्रता’. आप्पा म्हणाले रफार जरा वाकडा आहे. कांदा २५ ते ३० अंशात आणि ६५ ते ७० टक्क्यांत बरा राहतो, तर त्याबाहेर गेलं की आकडा उलट्या रंगात दिसेल असं केलंय, बाइटचे सगळे बिट उलटे केले की झालं, ते एवढं सोपं असेल वाटलं नव्हतं.

यू८जी२ पण टाकून बघितली, आर३ ने लगेच झालं. पण आता माझंच ठेवतो.

आता जुनाफ्यूज दादांनी सांगितलं तेच झालं. खांबावर धरून बघितलं तर डावीकडून ठळक आणि उजवीकडून फिकट, आणि आमच्या चाळीचं दार उजवीकडे. कॉन्ट्रास्टचा पॉट फिरवून थोडा फरक पडला, पण मग डावीकडून सगळं काळं. स्क्रीन दुसऱ्या बाजूला वळवून लावली की जमेल असं दिसतंय. मग अक्षरांचं काय?

सोल्डरताई

मग ‘७ वजा’ दुसरीकडे. प्रत्येक अक्षराच्या आठ ओळी शेवटापासून सुरू करून ढकल, प्रत्येक बाइटमधले बिट उलट क्रमाने लाव, आणि शब्दांची ओळ आता वरच्या पानापासून सुरू कर. पण हे उनोवर करत बसू नकोस, पीसीवर एकदाच फाँट उलटवून नवा अ‍ॅरे बनव. चित्रंही १८० अंश फिरवून परत काढ, आणि ते करताना तो रफार सरळ कर.

चाळवाला

हो ताई. आधी एफ.